वास्कोच्या क्लिअरिंग एजंटकडून कंटेनर पाठवला, त्याचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, पंप-व्हॉल्व्हची कास्टिंगं मशिनिंग करून देतो. गेल्या वर्षी पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर मिळाली आणि तेव्हाच्या क्लिअरिंग एजंटनं, म्हणजे कस्टम न् पोर्टाची कामं बघणाऱ्यानं, जीव काढला आमचा, लाकडी पॅलेटवर शिक्का नाही म्हणून माल पोर्टात अडकला, आधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकल्याचं जादा भाडं, आम्ही भरलं. म्हणून ह्यावेळी ओळखीतनं वास्कोचे हे एजंट धरले.

पहिल्याच फोनला पॅलेटचे फोटो मागवले की ओ. कीड मरावी म्हणून लाकूड ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं पाहिजे, गव्हाच्या लोंबीचा शिक्का न् एचटी (हीट ट्रीटमेंट) अक्षरं स्पष्ट दिसली पाहिजेत. आमच्या दोन पॅलेटवर अर्धा शिक्का करवतीत गेलेला, ते झूम करून बघितलं आणि बदला म्हणाले. स्टफिंगला, म्हणजे कंटेनरात माल भरताना, माणूस बेळगावला पाठवला, कारण कास्टिंगचा २० फुटी कंटेनर अर्धा रिकामा दिसतो पण वजन भरलेलं असतं, एका बाजूला कललं की संपलं.

सगळ्यात आवडलं ते खरं बोलणं. वास्कोचं मुरगाव बंदर हाकेवर आहे म्हणून माझा हट्ट तिथूनच पाठवायचा. ते म्हणाले, साहेब इथं कंटेनरची जहाजं मोजकी लागतात, तुमची तारीख चुकेल, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला पाठवा. भाडं वाढलं पण माल वेळेत पोचला.

कागदांसाठी वास्कोला गेलो तेव्हा गेटबाहेर तासभर थांबलो. बंदर म्हणजे जहाजं एवढंच वाटायचं मला. तिथं जहाजं ओढणारे टगवाले, माल तपासणारे सर्व्हेअर, ट्रकवाले, ताडपत्री शिवणारा, पंक्चरवाला, खानावळवाली मावशी, सगळ्यांची चूल त्या धक्क्यावर. २०१२ मध्ये कोर्टानं गोव्याचं खाणकाम थांबवलं तेव्हा खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले, हे मावशीनंच सांगितलं आणि सांगताना तिचा हात थांबला होता.

आणि हे फक्त गोव्याचं नाही ओ. मुरगावाची रेल्वे १८८८ पासून घाट चढून आपल्या लोंढ्याला येते, आजही तिथं उतरलेला कोळसा ह्याच लाइननं वर स्टील प्लांटांना जातो. त्याआधी बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ल्याला उतरून आंबोलीतनं वर यायचा. मुरगावला कंटेनरची जहाजं वाढली तर खानापूर, निपाणीच्या आमच्यासारख्या बारक्या कारखानदारांचं ट्रकभाडंच कितीतरी वाचेल, ह्यासाठी दोन्हीकडच्या लोकांनी बोललं पाहिजे.

एक तक्रार, दुपारी एक ते तीन फोन उचलत नाहीत, कटऑफच्या, म्हणजे माल पोर्टात पोचवायच्या शेवटच्या दिवशी घाम फुटतो. ५ पैकी ४. बिल मात्र एकदम सुटं, पोर्टचे चार्जेस वेगळे, शिपिंग लाइनचे वेगळे, त्यांची फी वेगळी, आणि प्रत्येकाची पावती मागं टाचलेली.