स्विच बदलायला दिला, पिकअप गेले

लाज वाटत होती म्हणून दीड महिना गप्प बसलो. मी आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो. जिन्याच्या टू-वे स्विचची जोडणी झोपेतून उठवलं तरी फळ्यावर काढून दाखवीन. आणि मलाच गिटारच्या स्विचवरून 4,850 रुपयांना गंडवलं. खरा आकडा 14,450, तो पुढं येईल.

दुखणं साधं होतं. माझ्या स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचा, पाच खटक्यांचा सिलेक्टर (तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन पिकअपपैकी कुठले चालू ठेवायचे ते ठरवणारा स्विच) दुसऱ्या खटक्यावर खरखरायचा, मधेच आवाज गायब. 2019 च्या पुरात गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली, पण घरातली ओल स्विचच्या पत्र्यांना बाधलीच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडी पंचवीस वेळा मागंपुढं केली असती तरी बहुधा भागलं असतं. कळत होतं हो. पण परीक्षेचे दिवस होते, संध्याकाळी सोल्डरिंग गन हातात धरायचं त्राण नव्हतं.

म्हणून गिटार दुरुस्तीला बाहेर दिली. दुरुस्ती करणारा हा माणूस रविवारी सांगलीच्या विश्रामबागेत एका लॉजच्या खोलीत ‘कॅम्प’ लावायचा. बोलणं लाघवी. “सर, 1954 ला ही गिटार आली तेव्हा तीनच खटके. लोक दांडी मधे अडकवून वाजवायचे. कंपनीनं पाच खटके दिले ते 1977 ला.” हे सगळं खरं आहे. मला वाटलं, एवढं ठाऊक असलेला माणूस चोर कसा असेल? ‘ओरिजिनल अमेरिकन’ स्विच 1,950, तीन पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग) 1,350, मजुरी 1,200, सेटअप 350. आगाऊ 2,000 यूपीआयनं घेतले, उरलेले 2,850 गिटार देताना. पावती? चॅटवर एक अंगठा.

आता ते क्षण, जे रोज रात्री आठवतात. गिटार परत घेताना पिकगार्डच्या (पिकअप आणि स्विच बसवलेली पुढची पाटी) एका स्क्रूवर चंदेरी स्टिकर दिसला. “उघडू नका सर, वॉरंटी जाईल.” अरे, पन्नास पैशांच्या स्क्रूला कसली वॉरंटी! त्याहून वाईट म्हणजे पिकअपचे पोल, प्रत्येक तारेखाली दिसणारे छोटे गोल खांब. माझ्या सेटचे पोल कमीजास्त उंचीचे होते, मधल्या तारांखालचे वर आलेले. आता सहाच्या सहा एका पातळीत, परेडला उभे केल्यासारखे. मी पाहिलं. बोट फिरवलंसुद्धा. आणि मनात काय आलं, तर पुसून काय चकाचक केलेत! त्यात त्यानं डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारा इफेक्ट) फुल करून वाजवून दाखवलं, त्या गोंगाटात कुणाला काय कळणार? कुणी असं वाजवून दाखवलं तर आधी क्लीन आवाज मागा.

घरी आल्यावर कळलं. माझ्या सेटमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला, त्यामुळं दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर हम, म्हणजे विजेची घुंईं, दबायचा. आता पाचही खटक्यांवर सारखीच घुंईं. स्टिकर फाडला. आत उघड्या पत्र्याच्या फ्रेमचा स्विच हवा होता, निघाला प्लास्टिकचा डबी स्विच, आठ पाय एका रांगेत. पॉट माझेच, मीच लावलेल्या लाल नेलपॉलिशच्या ठिपक्यांसकट. पिकअप उलटे केले तर बुडाला चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. माझे अल्निको चुंबकाचे होते, 9,600 रुपयांचे, एकेक महिना पैसे साठवून घेतलेले. दिलेले 4,850 धरून झाले 14,450. वहीत तिन्ही पिकअपचे ओहम (विजेचा रोध) लिहून ठेवले होते. मीटर लावला, एकही आकडा जुळेना. वही आधी उघडली असती तर! देतानाच पिकगार्ड उघडून फोटो काढा, आणि काढलेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसा सोडू नका.

पोलिसांकडं चार खेपा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, “गिटार तुमच्याकडंच आहे की! मग चोरी कसली?” मी भारतीय न्याय संहितेची कलमं 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) छापून नेली होती. वस्तू विश्वासानं दिली, त्यानं आतला माल बदलला, याला दुसरं काय म्हणायचं? हवालदारांनी कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, त्यात लिहिलं ‘गिटारची बटणे’. पोच मागितली तर “शिक्का आत आहे”. चौथ्या खेपेला “हे दिवाणी मॅटर, ग्राहक मंचात जा.” बँकेत गेलो तर “पिन तुम्हीच टाकलाय ना?” ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, ठीक, पण समोरच्याचा पत्ता लागतो. लॉजवाला म्हणतो रजिस्टर भिजलं. सगळ्यांचं सगळं बरोबर, चूक तेवढी माझी!

मिरज इथून दहा किलोमीटर. तिथले सतारमेकर आपल्यासमोर बसून जवारी काढतात (घोडी घासून तारेचा नाद जुळवतात), आणि मी वाद्य लॉजवर ठेवून आलो. बायको हे दिवसातून एकदा तरी ऐकवते.

परवा त्याचं नवं खातं दिसलं. नाव दुसरं, रविवारी कराडला कॅम्प, आगाऊ 2,000. विक्रीला ठेवलेल्या सामानाच्या फोटोत तीन पिकअप आहेत, मधल्याच्या वायरला मी गुंडाळलेली पिवळी टेप अजून तशीच.