बोझोलेची एक बाटली घ्यायची, तर कोणत्या गावची?

बोझोलेची वाइन घ्यायचं ठरलं की दुकानदाराला काही विचारण्याआधी स्वतःलाच विचारावं: ही बाटली उघडणार कधी? आज रात्री, महिन्याभरात, की पाच-सात वर्षांनी? अर्धी निवड तिथेच होऊन जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या उत्तरेपासून माकोंपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात लाल वाइन एकाच द्राक्षाची होते, गामेची. फ्रान्सच्याच बोर्दो भागासारखा कॅबर्ने द्राक्ष किती आणि मर्लो किती हा हिशेब इथे नाही. द्राक्ष तेच, गावांमधलं अंतर दोन-चार किलोमीटरांचं, आणि तरीही फ्लरी आणि मुलाँ-आ-व्हाँ शेजारी-शेजारी ओतून प्यायलं तर दोन्ही एकाच द्राक्षाच्या आहेत हे पटायला वेळ लागतो. म्हणूनच लाल वाइनची तुलना शिकायला मला या भागासारखा दुसरा भाग वाटत नाही. खिशालाही तो बोर्दो किंवा शेजारच्या बर्गंडीपेक्षा पुष्कळ सोसवतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बोझोले म्हटलं की बहुतेकांना नोव्हो आठवते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकदम विक्रीला येणारी, केळ्याच्या आणि चिकलेट-गोळ्यांच्या वासाची कोवळी वाइन. हा तिसऱ्या गुरुवारचा नेम 1985 पासूनचा आहे. तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाटलीत आलेली ही वाइन मजेत प्यावी, पण तिच्यावरून सगळ्या बोझोलेचं मोजमाप करू नये. इथे तीन पायऱ्या आहेत: साधी बोझोले, तिच्या वर बोझोले-व्हिलाज, आणि सगळ्यात वर उत्तरेकडच्या दहा ठिकाणांच्या वाइन, ज्यांना क्रू म्हणतात. नोव्हो फक्त पहिल्या दोन पायऱ्यांवर निघते, क्रूची नोव्हो काढायला परवानगीच नाही. गंमत म्हणजे क्रूच्या बाटलीवर अनेकदा 'बोझोले' हा शब्द ठळक दिसत नाही. नुसतं 'मोर्गों' किंवा 'फ्लरी' असतं. त्यामुळे दुकानात बोझोले शोधणाऱ्याच्या नजरेतून चांगल्या बाटल्या निसटतात.

हे दहा क्रू उत्तरेलाच का, याचं उत्तर जमिनीत आहे. दक्षिण बोझोलेत चिकणमाती आणि चुनखडी, उत्तरेत ग्रॅनाइट. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या मुलखातून गामे उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं, कारण हा वेल भरमसाट पिकतो आणि वाइन पातळ होते. ग्रॅनाइटच्या हलक्या, निकस मातीत मात्र त्याच्या या उधळपट्टीला लगाम बसतो. उतारावर दगड फोडत मुळं खाली जातात, घड कमी लागतात आणि त्या घडांत चव उतरते.

दुसरा फरक पडतो तो हौदात. इथली जुनी पद्धत अशी की घड हाताने तोडायचे आणि देठासकट, न चुरडता हौदात भरायचे. वजनाने तळातली द्राक्षं फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायू वरपर्यंत भरून राहतो. वरची द्राक्षं अजून अखंड असतात. हवेविना त्यांच्या सालीच्या आतच किण्वन सुरू होतं, रंग आणि सुवास आतून गरात उतरतात, तुरटपणा मात्र फारसा येत नाही. मग ती मऊ पडून फुटतात आणि बाकीचं काम यीस्ट करतं. नोव्होला हे चार-पाच दिवसांत उरकतात. क्रूसाठी दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त. काही उत्पादक याच्या उलट बर्गंडीची रीत पाळतात: देठ काढायचे, द्राक्षं चुरडायची, मग ओकच्या पिंपात मुरवायची. कोणत्या गावची वाइन घ्यायची हे ठरवताना उत्पादक यातला कोणता रस्ता धरतो ते कळलं, तर तुलना खूप सोपी होते.

फ्लरी की मोर्गों

बहुतेकांची अडचण याच दोघींपाशी येते, कारण किंमत साधारण सारखी आणि दोन्ही सहज मिळणाऱ्या.

दोन ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. फ्लरीचा रंग माणकासारखा, कडेला गुलाबी, पलीकडची अक्षरं वाचता येतील इतका पारदर्शक. मोर्गों एक छटा गडद, कडेलासुद्धा जांभळट. ग्लास न फिरवता नाक खाली नेलं तर फ्लरीतून आधी फुलं येतात, व्हायोलेट आणि गुलाब, फळ मागाहून, रास्पबेरीसारखं. मोर्गोंमध्ये फळ पुढे असतं: पिकलेली चेरी, चेरीच्या बीचा किंचित कडवट वास, मागे ओल्या दगडासारखं काहीतरी. घोट घेतल्यावर फ्लरी जिभेवरून सरळ घसरते आणि गालांच्या आत थोडं आंबट पाणी सुटतं. मोर्गों जिभेच्या मध्यावर थांबते, तिला अंग आहे. तुरटपणा आहे, पण कॅबर्नेसारखा दातांना चिकटणारा नव्हे.

कारण पुन्हा जमीनच. फ्लरीच्या उतारावर, टेकडीवरच्या मादॉनच्या (मेरीमातेच्या) देवळाभोवती, गुलाबी ग्रॅनाइटची वाळूसारखी उथळ माती आहे. मोर्गोंची सगळ्यात नावाजलेली टेकडी म्हणजे कोत द्यु पी. तिथला दगड झिजून ठिसूळ झालेला, निळसर, लोह आणि मँगनीज असलेला. पण गावाच्या नावावर डोळे मिटून विसंबू नका. फ्लरीचाच खालचा भाग मुलाँ-आ-व्हाँला लागून आहे, तिथे चिकणमाती जास्त. त्या भागातली क्लो द ला रोआलेत ही फ्लरी कोवळेपणी चांगलीच दणकट असते आणि वर्षानुवर्षं टिकते. उलट मोर्गोंमधल्या कोर्सलेतची माती वाळूमिश्रित, तिथली वाइन मऊ आणि सुवासिक, फ्लरीकडे झुकणारी. लेबलवर गावाखाली बारीक अक्षरांत अशा जागेचं नाव असेल तर ते जरूर वाचावं.

मोर्गोंच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि माझं मत तिच्यामुळे त्या बाजूला थोडं झुकतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनांच्या भरवशावर झटपट वाइन काढायचा रिवाज पडला होता, तेव्हा झ्यूल शोव्हे या स्थानिक व्यापारी-रसायनशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या नैसर्गिक यीस्टने, वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधक अगदी कमी किंवा न वापरता वाइन करण्याचा अभ्यास मांडला. मोर्गोंच्या मार्सेल लापिएरने तो प्रत्यक्षात आणला, झाँ फोआयार आणि आणखी काही शेजारी त्याच वाटेने गेले. आज जगभर ज्या 'नॅचरल वाइन'ची चर्चा चालते, तिचं एक मूळ या गावात आहे. लापिएर 2010 मध्ये गेला, त्याची मुलं काम पुढे चालवतात. या मंडळींच्या मोर्गोंमध्ये गामेचा रसरशीतपणा आणि जमिनीचा गंभीरपणा दोन्ही एकत्र भेटतात, आणि मला वाटतं बोझोले म्हणजे काय हे इथेच सगळ्यात स्पष्ट कळतं.

तेव्हा आज रात्रीच उघडायची असेल आणि सोबत हलकं खाणं असेल तर फ्लरी. जेवणात मटण असेल, किंवा बाटली दोन-चार वर्षं ठेवायचा विचार असेल, तर मोर्गों.

ठेवण्यासाठी मुलाँ-आ-व्हाँ

एक जुनी पवनचक्की रोमानेश-तोराँजवळच्या टेकाडावर उभी आहे, तिच्यावरून या क्रूचं नाव पडलं. दहांमध्ये सगळ्यात भारदस्त वाइन हीच. इथल्या ग्रॅनाइटमध्ये मँगनीज आहे आणि ते वेलाला मानवत नाही. वेल खुरटतो, पीक घटतं आणि रस दाट होतो. ओकची पिंपंही इथेच जास्त दिसतात. बर्गंडीच्या लुई जादो कंपनीने 1996 मध्ये इथलं शातो दे जाक विकत घेतलं. तिथे देठ काढून, लांबवर मुरवून, थेट बर्गंडीच्या पद्धतीने काम चालतं.

पहिल्या दोन वर्षांत ही वाइन प्यायला मी कोणाला सांगणार नाही. तेव्हा ती मिटलेली असते: गडद फळ, मसाला, लाकूड, आणि शेवटी घट्ट आवळणारा तुरटपणा. सात-आठ वर्षांनी तीच बाटली उघडा. रंग विटकरी होतो, वासात सुकलेला गुलाब, ओल्या पानांचा पाचोळा, थोडी कस्तुरी येते. डोळे झाकून दिली तर जाणकारही तिला बर्गंडीच्या पिनो न्वार द्राक्षाची वाइन समजतात. गामे ही पिनोचीच संतती असल्यामुळे त्यात नवल नाही. पण हे सुख हवं तर बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची सोय पाहिजे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरातल्या कपाटात दोन उन्हाळे काढलेली मुलाँ-आ-व्हाँ मुरत नाही, शिजते. वाइनचा फ्रिज नसेल तर ही निवड सोडून द्यावी.

ब्रुयी आणि कोत द ब्रुयी: नाव जवळचं, वाइन वेगळी

इथे बरेच जण फसतात. माँ ब्रुयी हा 484 मीटर उंचीचा एकटा डोंगर. त्याच्या पायथ्याभोवतीचा विस्तीर्ण भाग ब्रुयी, आकाराने दहांत सगळ्यात मोठा. डोंगराचे उतार म्हणजे कोत द ब्रुयी, त्या मानाने अगदी छोटा. ब्रुयीच्या वाइन सरळ, फळांच्या, लवकर पिण्याजोग्या. पॅरिसच्या आणि ल्योंच्या साध्या खानावळींत ग्लासाने मिळणारी ती हीच. चांगली लागते, पण क्षेत्र मोठं असल्यामुळे दर्जा खाली-वर होतो आणि उत्पादकाच्या नावावर भिस्त ठेवावी लागते.

कोत द ब्रुयीचा दगड वेगळाच, निळसर-करडा आणि कठीण, डोंगर अतिशय उभा. तिथली वाइन फळाने भरलेली, पण मध्ये एक ताठ कणा, मिरीसारखी झणझण आणि खडकाचा थंडपणा. डोंगरमाथ्यावर द्राक्षांच्या माउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, छोटं देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भुरी या बुरशीच्या रोगाने इथले मळे उद्ध्वस्त झाले, तेव्हा लोकांनी ते बांधलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ती कळकळ समजावून सांगावी लागणार नाही, भुरीची धास्ती त्यालाही आहे. शातो तिव्हाँ हे इथलं जुनं, भरवशाचं नाव. दर्जाच्या मानाने भाव पाहिला तर दहांमध्ये मला कोत द ब्रुयी सगळ्यात जास्त देणारी वाटते, आणि तिचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं.

उरलेल्यांपैकी शिरुब्ल सगळ्यात उंचावरची आणि हलकी, उन्हाळ्याच्या दुपारी प्यायची. जुलिएना मसालेदार आणि अंगाने भरीव. शेना क्षेत्राने सगळ्यात लहान, मुलाँ-आ-व्हाँची धाकटी बहीण म्हणावी अशी, भावाने मात्र स्वस्त. रेन्येला क्रूचा दर्जा सगळ्यात शेवटी, 1988 मध्ये मिळाला, तिची गत बरीचशी ब्रुयीसारखी. सँ-तामूर व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास भरपूर खपते, म्हणून भाव चढा असतो. भेट द्यायची असेल तर ठीक, नुसत्या चवीसाठी त्याच पैशात जुलिएना बरी.

साल आणि तापमान

सालाचा फरक इथे मोठा पडतो. 2015, 2018, 2020 आणि 2022 ही उन्हाची वर्षं, वाइन दाट, मद्यार्क जास्त, फळ पिकलेलं. 2021 थंड आणि पावसाळी, वाइन हलक्या आणि आंबटसर. गरम सालात फ्लरी किंवा शिरुब्ल घ्यावी, म्हणजे जडपणा आटोक्यात राहतो. थंड सालात मोर्गों किंवा मुलाँ-आ-व्हाँ, कारण त्यांच्या अंगात मुळातच काही असतं.

लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हे फ्रान्सच्या थंड घरांसाठी ठीक आहे. बोझोलेला 13 ते 15 अंश लागतात, मुलाँ-आ-व्हाँला एखाद-दोन अंश जास्त. पुण्या-मुंबईत बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. तीस अंशांवरची फ्लरी नुसती स्पिरिटसारखी नाकात चढते. ज्यांना नाशिकच्या शिराझ-कॅबर्नेची सवय आहे त्यांना पहिला घोट पातळ वाटेल. तेव्हा लगेच मत बनवू नये, जेवणासोबत दुसरा ग्लास प्यावा. तुरटपणा कमी असल्यामुळे गामे तिखटाशी भांडत नाही. तंदुरी कोंबडी, सुकं मटण, भरलं वांगं, यांच्यासोबत मोर्गों किंवा कोत द ब्रुयी फार छान लागते. नारळाच्या दुधाच्या आमटीसोबत मात्र यातली कुठलीच घेऊ नये.

फ्रान्समध्ये चांगला क्रू साधारण 12 ते 25 युरोंत मिळतो, नावाजलेल्या उत्पादकांचा त्याहून वर. आपल्याकडे सीमाशुल्क आणि राज्याचे कर लागून तीच बाटली कित्येक पट महाग पडते, आणि निवडीला वावही नसतो. म्हणून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं हाच शहाणपणाचा मार्ग. प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. 'बोझोले आण' एवढंच सांगू नका, नोव्हो येऊन पडेल. नाव आणि साल लिहून पाठवा. त्या दोन जागा माझ्या हाती असत्या तर एक बाटली कोत द ब्रुयी मागवली असती, आल्या आठवड्यात जेवणासोबत उघडायला, आणि दुसरी कोत द्यु पीची मोर्गों, पुढच्या दिवाळीपर्यंत थंड जागी आडवी ठेवायला.