आठ महिने रूनस्केपमध्ये नुसता व्यापार केला, त्याचा हिशोब

आधीच सांगते, मी यात राक्षस मारत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये लोक काय काय करतात, मासे पकडतात, झाडं तोडतात, ड्रॅगन मारतात, आणि माझा दाढीवाला माणूस आठ महिने एकाच चौकात उभा आहे. व्हॅरॉक नावाचं शहर आहे, त्याच्या वायव्येला ग्रँड एक्सचेंज, म्हणजे खेळाडूंचा बाजार, तिथेच. कमी भावात घ्यायचं, जास्त भावात विकायचं, बस. याला तिथे फ्लिपिंग म्हणतात.

मी राहते बिबवेवाडीत, नोकरी हिंजवडीत, म्हणजे रोजचे बसमध्ये जाऊन येऊन किती तास जातात ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. हा गेम २०१८ पासून मोबाईलवर पण आहे, तेच अकाउंट, तोच माल, म्हणून सुरू केलं. आणि दुसरं कारण म्हणजे माझ्या मामांचा मार्केट यार्डात भुसारचा गाळा आहे, लहानपणी सुट्टीत तिथे पोत्यांवर बसून दिवस काढलेत, त्यामुळे भाव, उलाढाल, माल अंगावर पडणे हे शब्द कानावर पडूनच मोठी झाले.

सुरुवात फुकटच्या अकाउंटवर. भांडवल शून्य. मग काय, सगळे नवे लोक करतात तेच, लम्ब्रिजच्या शेतात गाई मारायच्या आणि कातडी गोळा करून विकायची. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.) नव्या फुकट अकाउंटला सगळाच माल विकता येत नाही, २० तास खेळणं, १० क्वेस्ट पॉइंट (गेमने दिलेल्या कामगिऱ्यांचे गुण) आणि सगळ्या कौशल्यांची मिळून टोटल लेव्हल १०० झाल्याशिवाय काही गोष्टींवर बंदी असते, बॉटना, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामना, आवर घालायला. शिवाय फुकटवाल्यांना एक्सचेंजवर तीनच स्लॉट, म्हणजे एका वेळी तीनच सौदे लावता येतात, पैसे भरून मेंबर झालं की आठ. तीन स्लॉटमध्ये धंदा म्हणजे एका गाळ्यात तीन पोती ठेवून व्यापारी म्हणवून घेण्यासारखं आहे. महिनाभर तसंच रडतखडत केलं, मग रुपये देऊन दोन बॉंड घेतले.

हा बॉंड म्हणजे सगळ्या खेळाची किल्ली आहे. कंपनीकडून खऱ्या पैशात घ्यायचा, मग एकतर स्वतः वापरून १४ दिवसांची मेंबरशिप घ्यायची, नाहीतर एक्सचेंजवर दुसऱ्या खेळाडूला कॉइनमध्ये विकायचा. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे वेळ नाही त्याला कॉइन मिळतात, ज्याच्याकडे वेळ आहे पैसा नाही त्याला मेंबरशिप मिळते, आणि दोघांमध्ये रोज बदलणारा भाव, अगदी डॉलर-रुपयासारखा. मी एक बॉंड वापरला आणि दुसरा विकला, तेव्हा दीड कोटी कॉइनच्या आसपास मिळाले. ते माझं भांडवल. त्यानंतर आजपर्यंत खिशातून एक रुपया गेलेला नाही.

आता काम कसं चालतं. गेममध्ये वस्तूवर जो भाव दिसतो तो गाईड प्राइस, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो मागून हळूहळू सरकतो. खरा भाव बघायचा तर एक नग मुद्दाम महाग भाव लावून घ्यायचा, समोर सगळ्यात स्वस्त जो विकायला बसलाय त्याच्या भावात तो मिळतो, आणि मग तोच नग मुद्दाम स्वस्तात विकायचा, तो सगळ्यात वरच्या खरेदीदाराच्या भावात जातो. दोन आकडे मिळाले, मधली फट हे तुमचं मार्जिन. मग खालच्या आकड्याच्या एक कॉइन वर खरेदी लावायची, वरच्याच्या एक कॉइन खाली विक्री. शेअरच्या ॲपमध्ये निदान पाच बिड पाच ऑफर दिसतात, इथे कोण किती भावाला किती माल घेऊन बसलाय ते दिसतच नाही, अंधारात चाचपडायचं, आणि खरं सांगू का मजा त्यातच आहे. आता गेमच्या विकीवर चालू भाव दिसतात, रूनलाइट नावाचं ॲप वापरून गेम खेळणाऱ्यांच्या सौद्यांवरून येतात ते, पण तेच आकडे बाकीचे पण बघतायत, त्यामुळे जे मार्जिन सगळ्यांना दिसतं ते तासाभरात संपतं.

आणि लिमिट. प्रत्येक वस्तू चार तासांत ठराविक नगच घेता येते. नेचर रून (जादूला लागणारा दगड) १८,०००, रून प्लेटबॉडी (छातीचं चिलखत) ७०, असं. म्हणजे कितीही पैसा असला तरी सगळा माल उचलून बाजार मुठीत घेता येत नाही, निदान एका अकाउंटने तरी. पहिले तीन महिने माझं आयुष्य या चार तासांवर चाललं होतं. सकाळी सहाचा अलार्म, दहाचा, दोनचा, सहाचा, रात्री दहाचा. दोनच्या अलार्मला मी कायम मीटिंगमध्ये. नेचर रूनमध्ये एका नगामागे टॅक्स जाऊन २ कॉइन सुटायचे, १८,००० चे ३६,०००, आणि मला वाटायचं केवढी कमाई.

टॅक्सवरून आठवलं, पहिला फटका तिथेच बसला. विक्रीवर टॅक्स आहे, डिसेंबर २०२१ ला १ टक्का होता, मे २०२५ पासून २ टक्के. जुने व्हिडिओ बघून शिकलात तर डोक्यात एकच टक्का राहतो, माझ्या तसाच राहिला. ड्रॅगन बोन्स २,३९५ ने घेतले, २,४३० ने विकले, एक टक्का जाऊन नगामागे ११ सुटले असं समजून ३,००० नग फिरवले आणि स्वतःवर खूश. मग पैसे मोजते तर आधीपेक्षा कमी. २,४३० चे दोन टक्के म्हणजे ४८ कापले गेले होते, म्हणजे नगामागे १३ चा तोटा, एकूण ३९,००० गेले आणि ते पण मेहनत करून घालवले. क्यूएमध्ये काम करते मी, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते.

हे मामांना सांगितलं एका रविवारी. त्यांना गेम वगैरे काही कळत नाही, पण आडत, हमाली, तोलाई सोडून भाव धरायचा नसतो हे त्यांच्या रक्तात आहे. म्हणाले, "अगं पण मग ती तुझी आडत खातो कोण?" म्हटलं, "मामा, कोणी खात नाही, ते कॉइन गेममधून नाहीसेच होतात, आणि त्यातल्या थोड्या पैशातून गेमवाले बाजारातला माल विकत घेतात आणि नष्ट करतात." मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "माल विकत घेऊन जाळतात?" "हो." "भाव टिकावा म्हणून?" "हो." जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे कांद्याला केलं पाहिजे." तेव्हापासून त्यांना या गेमबद्दल आदर आहे.

तसं बघायला गेलं तर कारण बरोबर आहे, इथे राक्षस मारले की माल आणि कॉइन हवेतून तयार होतात, दिवसरात्र, हजारो लोकांकडून, मग नष्ट करायला काहीतरी वाट हवीच नाहीतर सगळंच कवडीमोल होईल. भाव खाली पडू न देणारी अजून एक गोष्ट म्हणजे हाय अल्केमी नावाचा मंत्र. मॅजिक लेव्हल ५५ झालं की एक नेचर रून जाळून वस्तूचे ठरलेले कॉइन करता येतात, रून प्लेटबॉडीचे नेहमी ३९,०००. त्यामुळे तिचा भाव त्याच्या फार खाली जाऊच शकत नाही, हमीभावच म्हणा ना, फक्त हा खरोखर मिळतो. घाबरट माणसाने अशाच वस्तूंत धंदा करावा, मी चौथ्या महिन्यापासून निम्मं भांडवल तिथेच ठेवलंय.

मोठा फटका पाचव्या महिन्यात. एका ग्रुपमध्ये होते, नाव नको, तिथे टिप यायच्या. एका चिलखताच्या तुकड्याबद्दल आलं की बुधवारच्या अपडेटनंतर याला मागणी येणार, आत्ताच घ्या. अपडेट साधारण बुधवारीच येतो आणि त्या दिवशी भाव उड्या मारतात हे खरं आहे, त्यामुळे पटलं. लिमिट ८ चं, मी १६ तासांत पाच वेळा अलार्म लावून ४० नग घेतले, ४,१०,००० च्या सरासरीने, म्हणजे १ कोटी ६४ लाख. घेताना भाव चढतच होता, छान वाटत होतं. बुधवारी अपडेट आला, त्यात त्या तुकड्याचं नाव पण नव्हतं. दोन दिवसांत भाव २,६०,०००. ग्रुपच्या पुढाऱ्यांनी आठवडाभर आधी घेऊन ठेवला होता आणि आमच्यासारख्यांना विकला, इतकं साधं. टेलिग्रामवर स्मॉलकॅपच्या टिपा देतात त्यांच्यावर मी हसायचे. हसणं बंद केलंय.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, रुपये मिळतात का. नाही. म्हणजे नियमात राहून नाही. कॉइन खऱ्या पैशाला विकणं गेमच्या नियमाविरुद्ध आहे, पकडलं की बॅन, कायमचा पण होऊ शकतो. करतात लोक, व्हेनेझुएलात महागाईने पगाराची किंमत गेली तेव्हा तिथली पोरं याच गेममध्ये कॉइन कमवून विकायची आणि घर चालवायची, ते समजू शकते. पण आमच्या ऑफिसातल्या एकाला हौस आली, २० कोटी कॉइन एका साईटला विकायला गेला, यूपीआयवर निम्मे पैसे आले, उरलेले आलेच नाहीत, आणि चार दिवसांनी अकाउंट बॅन. दोन वर्षांचं अकाउंट. तक्रार कुठे करणार, काय सांगणार. तो आता क्रिप्टो करतो आणि ३० टक्के टॅक्सवरून रडतो, ते वेगळं. एक्सचेंजवर उभे राहून "पैसे डबल करून देतो" ओरडणारे पण आहेत, ते फसवतात हे सगळ्यांना माहितीये आणि तरी रोज कोणीतरी देतंच.

तर माझा आठ महिन्यांचा हिशोब. चौदा बॉंड कॉइनमध्ये घेऊन वापरले, दीड कोटीच्या भावाने एकवीस कोटी. हातात रोख आणि माल धरून ३२ कोटी. रोज सरासरी ४० मिनिटं धरली तर २४० दिवसांचे १६० तास. म्हणजे ढोबळमानाने साडेचार तास डोकं लावलं की एक बॉंड, १४ दिवसांची मेंबरशिप. तेवढ्या तासांत बिल्डिंगमधल्या दोन पोरांना गणित शिकवलं असतं तर जास्त मिळालं असतं, आईने हे न विचारता सांगितलं. ज्यांना घरबसल्या कमाई हवीये त्यांनी इकडे येऊ नका, ज्यांना बसमध्ये डोक्याला काम हवंय त्यांनी या. आणि या तर दहा-पंधरा वस्तू धरा, त्यांचे भाव तोंडपाठ करा, बाकी सोडा. मामांचं वाक्य आहे, साखरेचा व्यापारी साखरेत आणि मिरचीचा मिरचीत. शंभर वस्तूंच्या मागे पळत होते तेव्हा बॉंडचा खर्च जाऊन महिन्याला दोन कोटी सुटत होते, बारा वस्तूंवर आले आणि सहा-सात सुटायला लागले, तेही अलार्म बंद करून, सकाळी बसमध्ये एकदा आणि संध्याकाळी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये एकदा.

एक गंमत, एका ढिगात जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ कॉइन मावतात. प्रोग्रामरना हा आकडा बघूनच हसू येईल, ३२ बिटची हद्द. माझा ३२ कोटींचा ढीग बघता ती भिंत दिसायला अजून दोन-अडीच वर्षं तरी आहेत.

आत्ता आठपैकी सात स्लॉट चालू आहेत. आठव्यात ते चिलखताचे ४० नग, ४,१०,००० ला विक्रीला लावलेले, तीन महिने तसेच. भाव सध्या २,७५,००० आहे. ८ स्लॉटमधला एक असा अडकवून ठेवणं मूर्खपणा आहे हे मला कळतं, बाकी कुणी केलं असतं तर मीच ओरडले असते. मामा दर रविवारी विचारतात, "तो अंगावर पडलेला माल गेला का गं?" मी म्हणते, "बघू या बुधवारी."