४८६ आणि डॉस ६.२२: पावसाळाभर वापरल्यानंतर

जुन्या फ्लॉप्या (माहिती साठवायच्या चकत्या) खरोखर वाचून काढायच्या असतील तर ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, जरूर घ्या, पण घेतल्याबरोबर कॉपी मारत सुटू नका. आधी डॉस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'व्हॉल' (VOL, डिस्कचं नाव-नंबर दाखवणारी) आणि 'चेकडिस्क' (CHKDSK, जागेचा हिशेब दाखवणारी) या दोन कमांड पडद्यावर काय दाखवतात ते नीट वाचायची सवय लावा. मी हे मशीन पावसाळ्याआधी घेतलं. दिवाळी उलटली तरी ते रोज चालू आहे.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतंच. मंडळाच्या नव्वदच्या दशकातल्या संहिता, पात्रयोजना आणि जमाखर्च फ्लॉप्यांवर पडून होते. बऱ्याच फ्लॉप्यांवरचे कागद दमट हवेने गळून पडलेले. जुने कार्यवाह म्हणाले, "खंयची कसली ते आता देवाक ठावक!" पण कागद गेला तरी फ्लॉपीच्या आत नोंद असते. व्हॉल दिलं की अकरा अक्षरांपर्यंतचं लेबल दिसतं आणि त्याखाली चार-चार अक्षरांचा जोड सिरियल नंबर. हा नंबर फॉरमॅट करताना त्या वेळच्या तारीख-वेळेवरून तयार होतो. डॉस ४ च्या आधी फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर तो नसतो, त्यामुळे नुसत्या त्याच्या नसण्यानेही फ्लॉपीच्या वयाचा अंदाज येतो. दोन फ्लॉप्यांचं लेबल एकच असू शकतं, नंबर सहसा नाही. अख्ख्या फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या 'डिस्ककॉपी' कमांडने केलेल्या प्रतीलासुद्धा नवा नंबर मिळतो. म्हणून माझ्या वहीत लेबलाआधी नंबर लिहितो.

याचा खरा उपयोग फ्लॉपी ड्राइव्हची केबल खराब झाली तेव्हा कळला. फ्लॉपी बदलल्याची खबर ड्राइव्ह केबलच्या ३४ व्या पिनवरून देतो. ती पोचली नाही तर डॉस आधीच्याच फ्लॉपीची यादी दाखवत राहतं. जमाखर्चाची फ्लॉपी घातली आणि पडद्यावर मात्र मघाच्याच संहितेचं नाव, त्याच फाइल, तेच बाइट्स. अशा वेळी चुकूनही काही लिहिलं गेलं तर आधीच्या फ्लॉपीवरच्या फाइलींची नोंद नव्या फ्लॉपीवर चढते आणि दोन्हींतली एक कायमची जाते. केबल बदलल्यावर ठीक झालं.

हार्ड डिस्कच्या बाबतीत तर ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबूच नका. सी, डी ही अक्षरं डॉस दर वेळी चालू होताना वाटतं: आधी प्रत्येक डिस्कचं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा पाडलेला मुख्य भाग), मग पहिल्या डिस्कमधले लॉजिकल ड्राइव्ह (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत पाडलेले भाग), मग दुसऱ्या डिस्कमधले. त्यामुळे प्रायमरी पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडली की कालचा डी आज ई होतो, आणि डी म्हणून भलतीच जागा समोर येते. मी प्रत्येक पार्टिशनला लेबल दिलंय आणि दुसऱ्या डिस्कवर फक्त एक्स्टेंडेड पार्टिशन ठेवलंय. तेव्हापासून अक्षरं हलली नाहीत.

चेकडिस्कचे आकडे सुरुवातीला कोरडे वाटतात, पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले तेच. एकूण जागा १४,५७,६६४ बाइट्स दिसली की १.४४ ची फ्लॉपी, ७,३०,११२ दिसली की ७२० केबीची. त्याखाली 'अलोकेशन युनिट'चा, म्हणजे फाइलला द्यायच्या जागेच्या सगळ्यात लहान तुकड्याचा, आकार असतो, तो अवश्य पाहा. १.४४ च्या फ्लॉपीवर तो ५१२ बाइट्स असतो, पण सुमारे ४०० एमबीच्या एकाच पार्टिशनवर ८,१९२. म्हणजे सहाशे बाइट्सचं जत्रेचं आमंत्रणही आठ केबी अडवतं. आमच्या फाइल बारक्या आणि ढीगभर, म्हणून १२८ एमबीपेक्षा लहान पार्टिशनं पाडली. तिथे युनिट २,०४८ बाइट्सवर येतं आणि बरीच जागा वाचते.

बाकी मशीनबद्दल थोडक्यात. बोर्डावरची बॅटरी काढून टाका, गळली तर बोर्ड खाते. सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे (हार्ड डिस्कची मापं) डिस्कच्या स्टिकरवरून उतरवून ठेवा, कारण बॅटरीअभावी मशीनचं सेटिंग गेल्यावर तेच भरावे लागतात. फ्लॉपीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड घाण होऊन पुढच्या फ्लॉप्यांवर ओरखडे जातात. आमच्याकडच्या जून-जुलैत डबीत सिलिका जेल हवंच. काही फाइलींतला मराठी मजकूर सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठी पीसीत बसवायचं कार्ड) टाइप केलेला आहे. कार्डाशिवाय त्याची गिचमीड दिसते, पण फाइल शाबूत आहे हे महत्त्वाचं.

आता सव्वापाच इंची फ्लॉप्या राहिल्यात. माझा ड्राइव्ह १.२ एमबीचा आहे. तो ३६० केबीची फ्लॉपी वाचतो छान, पण लिहितो अरुंद पट्टीत, आणि मग जुन्या ३६० च्या ड्राइव्हला ते वाचताना त्रास होतो. 'लेबल' कमांड म्हणजेही लिहिणंच, शिवाय 'चेकडिस्क' चुका दुरुस्त करायला '/F' लावून चालवलं तर तेही लिहितं. म्हणून या फ्लॉप्यांची नावं फक्त वहीत लिहितो आणि ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येकीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावतो, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही.