साडेसहा हजारांचा सूट

बातमी खरी होती, म्हणूनच मी फसलो. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीचा कारखाना येणार, दुचाकींसोबत बॅटरी पॅकही बनणार, ४ हजारांच्या आसपास लोकांना काम मिळणार, हे २०२४ मध्ये आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. (पुढच्या भानगडीशी त्या कंपनीचा काडीचाही संबंध नाही.) आमचं गाव पैठण तालुक्यात. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, घरी बसलेला. जो तो विचारायचा, "काय रे, भरला का फॉर्म?"

फॉर्म निघालेलाच नव्हता. पण व्हॉट्सॲपवर एक 'एचआर सर' भेटले, कुठल्याशा दुसऱ्याच बॅटरी कंपनीचे. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. सिरीज-पॅरलल, मल्टिमीटर, अर्थिंग, सगळं विचारलं. एका प्रश्नाला मी अडखळलो तर रागावलेसुद्धा! लुबाडणारा माणूस कशाला रागावेल, असं वाटलं मला.

ऑफर लेटर आलं: बॅटरी पॅक असेंब्ली, पगार २२ हजार. मग रजिस्ट्रेशनचे १,५००. मग 'ड्राय रूम सूट'चे, म्हणजे ओलावा नसलेल्या खोलीत घालायच्या पोशाखाचे, ६,५००, पहिल्या पगारात परत मिळणार म्हणे. मग मेडिकल आणि हाय व्होल्टेज सर्टिफिकेटचे १२ हजार. आईने कापसाच्या पैशातून काढून दिले. त्यानंतर फोन बंद.

आयटीआयच्या सरांना लेटर दाखवलं तर ते सूटवरच अडले. ड्राय रूम लागते ती सेल बनवताना, कारण लिथियमच्या सेलला हवेतला ओलावा चालत नाही. पॅक असेंब्लीत तयार सेल येतात. ते जोडायचे, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) बसवायचं, तपासायचं. "तिथं तुला हा सूट कशाला?" म्हणाले. अप्रेंटिसलासुद्धा कंपनीच स्टायपेंड देते, त्याच्याकडून घेत नाही. हे मला आधीच माहीत होतं, तरी पैसे भरले. याचं उत्तर मी अजून आईला देऊ शकलेलो नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो चौथ्या दिवशी, तोही लाजेपोटी उशिरा. तोवर खात्यातून पैसे पुढे गेले होते. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासाला फोन करा.

परवा तोच लेटरहेडचा नमुना एका मित्राला आला. बॅटरीच्या जागी आता सेमीकंडक्टर लिहिलंय. सूट मात्र अजून साडेसहा हजारांचाच.