रत्नागिरीचा सागरी रस्ता आणि थिबा राजवाडा : वऱ्हाडातून निघणाऱ्यांसाठी एका सहलीचा अभिप्राय

कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि तूर घरात आली की वऱ्हाडातल्या शेतकरी कुटुंबाला थोडी उसंत मिळते. या दिवसांत शेगाव, पंढरपूर, चिखलदरा अशा सहली निघतातच. समुद्र मात्र लांब पडतो म्हणून वर्षानुवर्षे राहून जातो. आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील काही कुटुंबांनी यंदा माघात गणपतीपुळे आणि रत्नागिरीची सहल केली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सहल-संस्थेने ती आखून दिली होती. रेल्वेचे तिकीट, कोल्हापूरहून पुढे टेम्पो ट्रॅव्हलर, मुक्काम, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण एवढे त्या रकमेत होते. प्रवेश तिकिटे आणि मधला चहा ज्याचा त्याने करायचा होता. घेतलेल्या पैशांच्या मानाने वाहन, चालक आणि मुक्काम उत्तम होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिवसाचा क्रम मात्र समुद्राचा आणि थिबा राजवाड्याचा, म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजासाठी रत्नागिरीत बांधलेल्या वास्तूचा, विचार न करता लावलेला होता. या सहलीची सगळी गोडी त्या क्रमावरच अवलंबून असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

आपल्या भागातून जाण्यासाठी गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस ही सर्वांत सोयीची गाडी आहे. दुपारी धामणगावला बसले की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर येते, गाडी कुठे बदलावी लागत नाही, आणि सोबत ज्येष्ठ माणसे असतील तर ही सोय फार मोठी ठरते. कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा असा रत्नागिरीचा रस्ता आहे. अंतर सुमारे १३० किलोमीटर असले तरी घाट आणि जागोजागी चाललेली रुंदीकरणाची कामे यांमुळे चार तास धरून चालावे. घाट उतरल्यावर मातीचा रंग काळ्याचा तांबडा होतो, घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या दिसू लागतात, आणि आयुष्यभर काळ्या रानात राबलेली आमची मंडळी खिडकीला चिकटून बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी घाटाआधी भरपेट जेवू नये.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाण्यासाठी निवळीवरून जाणारा एक लांबचा रस्ता आहे आणि आरे-वारेवरून समुद्राच्या कडेने जाणारा सुमारे २५ किलोमीटरचा दुसरा. संस्थेने दुसरा रस्ता निवडला, याबद्दल तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. हा रस्ता डोंगराच्या कुशीतून चढत जातो, एका वळणावर खाली आरे आणि वारे हे दोन्ही किनारे एकदम उघडे पडतात आणि मग उतार थेट सुरूच्या बनाजवळ येऊन पोहोचतो. चालकाने वरच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला पुरेशी जागा पाहून गाडी थांबवली आणि कोणालाही घाई केली नाही. त्याच रस्त्यावरून परत येण्याचा योग आला तर सूर्यास्ताच्या थोडे आधी यावे, कारण उजेड समोरून येत असल्याने पाण्याचा रंग सकाळपेक्षा अगदी वेगळा दिसतो.

आता दिवसाच्या क्रमाविषयी. पहिल्या सकाळी, एकादशीला, कार्यक्रमपत्रिकेत आठ वाजता गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर फेरफटका असे छापले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ऐन भरती होती. चालायला वाळूची अरुंद पट्टी तेवढी उरली होती, लाटा पायऱ्यांच्या दिशेने चढत होत्या आणि लहान मुलांना हाताला धरून उभे राहण्यापलीकडे काहीच करता आले नाही. आमचा चालक मूळचा रत्नागिरी तालुक्यातला. त्याने किनारपट्टीवरच्या लोकांचा सोपा हिशेब सांगितला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मध्यरात्रीनंतर आणि माध्यान्हानंतर अशा दोन्ही वेळा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर येते आणि तितकेच खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी असतो. भिंतीवरचे पंचांग पाहून पेरणीचा दिवस ठरवणाऱ्या आमच्या मंडळींना हे गणित एका ऐकण्यात पाठ झाले. सहल आखणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात ते माहीत असायला हवे होते, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात सकाळी नऊला रत्नागिरी शहरालगतचा भाट्ये किनारा आणि दुपारी चारनंतर थिबा राजवाडा असा क्रम होता. द्वादशी असल्याने नऊला पुन्हा भरती, आणि राजवाडा पाचला बंद होत असल्याने तेथे जेमतेम पाऊण तास मिळणार. चालकाने दोन्हींची अदलाबदल सुचवली, आमच्यातल्या एका ताईंनी संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून ती मान्य करून घेतली, आणि सहलीचा सर्वांत चांगला दिवस त्या एका फोनमुळे हाती लागला.

दुपारी साडेतीननंतर भाट्ये किनाऱ्यावर पाणी खूप आत गेले होते. ओली, घट्ट वाळू दूरपर्यंत सपाट पसरली होती आणि चालताना पाय रुतत नव्हता, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या काकूही काठी टेकत बरेच अंतर चालल्या. त्या वाळूवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गोळ्यांच्या रांगा पडलेल्या होत्या. खाली बसून पाहिले तेव्हा नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येत होते, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न तेवढे काढून घेत होते आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकत होते. पाऊल जवळ पडताच सगळे एका क्षणात बिळात जात. मुले तेथून उठायला तयार नव्हती, आणि मोठी माणसेही. भरतीच्या वेळी आलेल्याला यातले काहीही दिसत नाही.

पाण्यात उतरण्याबाबत मात्र कडक राहावे. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि तेथे पर्यटक बुडण्याच्या दुर्घटना याआधी घडलेल्या आहेत. विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला ही ओढ नवीन असते. घोट्याएवढ्या पाण्यापुढे जाऊ नये आणि जीवरक्षकांचे ऐकावे.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर घरगुती खाणावळीतले शाकाहारी जेवण स्वच्छ आणि ताजे होते, उकडीचे मोदक आणि सोलकढी सर्वांना आवडली. आमटी आपल्या तोंडाला गोडसर लागते; सोबत ठेचा नेलेला बरा.

थिबा राजवाड्यासाठी मी या सहलीला सर्वाधिक गुण देईन. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) जिंकला, त्यामागे सागवानाच्या व्यापारातला तंटा हे एक निमित्त होते. आपली राजधानी मंडाले सोडावी लागलेला तिथला राजा थिबा राणी आणि मुलींसह आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला गेला. त्याआधी दिल्लीचा बहादूरशाह जफर ब्रह्मदेशातल्या रंगूनला धाडला गेला होता. म्हणजे इकडचा बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे. थिबा रत्नागिरीत सुमारे ३० वर्षे राहिला, पण त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला. एवढ्या मोठ्या वास्तूत त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे आली. १९१९ मध्ये कुटुंब परत गेले. हे सर्व समजून मग दालनांतून फिरावे, तर त्या रिकामपणाचा अर्थ लागतो.

वास्तू तीन मजली आहे, जांभ्या दगडात बांधलेली, उतरत्या छपरांची आणि अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्यांची. खिडक्यांतल्या रंगीत काचांतून उजेड आत येतो आणि संगमरवरी फरशीच्या दिवाणखान्यात पसरतो. आमच्यासोबत गावातले एक वयोवृद्ध सुतारकाका होते. ते एका खिडकीसमोर बराच वेळ थांबले, हात न लावता कमानीचे तुकडे कुठे जोडले आहेत ते बोटाने दाखवत राहिले आणि सांधा पाहून म्हणाले, ‘‘इतकी वर्षं झाली, पण तडा नाही पाहा कुठं. लाकूड वाळवूनच वापरलं असंन.’’ आमच्याकडच्या गावोगावच्या गढ्या पांढऱ्या मातीचे ढिगारे झाल्या आहेत आणि देशमुखांच्या वाड्यांतले सागवानी खांब विकले जात आहेत. त्यामुळे एक जुनी वास्तू सरकारी देखरेखीखाली उभी आहे, तिच्यात पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे आणि शेतकरी माणूस साध्या तिकिटात ती निवांत पाहू शकतो, याचे मोल आम्हाला विशेष वाटले. मागच्या बाजूला राजाने सोबत आणलेली म्हणून दाखवली जाणारी बुद्धमूर्ती आहे. तेथे आमच्यातील बौद्ध कुटुंबे हात जोडून काही वेळ बसली. त्यांच्यासाठी ही सहल त्या एका जागेने पूर्ण झाली होती.

उणिवा येथेही आहेत. संस्थेच्या मार्गदर्शकाने राजाची कहाणी चार वाक्यांत संपवली, आणि राजा व धाकटी राणी यांच्या समाध्या रत्नागिरी शहरातच असूनही त्या कार्यक्रमात नव्हत्या. राजाच्या मृत्यूला १०० वर्षे झाली तेव्हा, २०१६ च्या डिसेंबरात, म्यानमारचे उपराष्ट्रपती आणि सेनाप्रमुख त्या समाधीपाशी येऊन गेले होते; अशी जागा अर्ध्या तासासाठी वगळणे पटत नाही. त्याऐवजी आंबापोळी आणि काजूच्या दुकानांत बराच वेळ गेला. राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते, तेथे मात्र पुरेसा वेळ दिला गेला. वरच्या मजल्यावर जाण्यासाठी जिने चढावे लागतात, हे ज्येष्ठांना आधी सांगायला हवे होते.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी माघ पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडावेत, कारण तेव्हा संध्याकाळी ओहोटी असते. माघी गणेशजयंतीची आणि शिमग्याची गर्दी टाळावी. राजवाडा सोमवारी बंद असतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा तूर कापणीला येण्याआधीच तिकिटे काढावी लागतील, आणि पैसे भरताना संस्थेकडून सकाळी राजवाडा, दुपारनंतर किनारा असा क्रम लेखी घ्यावा.