लिनक्सवर अम्हारिक टंकलेखन : बाहिर दारमधील चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इथिओपियात भारतीय शिक्षक असणे ही जुनी गोष्ट आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून तेथील शाळांमध्ये भारतीय शिकवत आले आहेत आणि अलीकडे नवी विद्यापीठे उभी राहिल्यावर आपल्याकडील अनेक प्राध्यापकही तेथे गेले. त्याच वाटेने मी नोव्हेंबर २०२२ मध्ये ताना सरोवराकाठच्या बाहिर दार शहरात संगणकशास्त्र शिकवण्यासाठी गेले. वर्गाची भाषा इंग्रजी होती. मात्र कार्यालयातील पत्रे, हजेरीपट, सूचना आणि विद्यार्थ्यांची आपसातील सारी लिखापढी अम्हारिक या तेथील भाषेत चालत असे. प्रयोगशाळेतील दोन जीबी मेमरीच्या जुन्या संगणकांवर मी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची डेबियन ही आवृत्ती आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांनी विचारले की यावर अम्हारिक लिहिता येते का. ‘येते’ या एका शब्दाच्या उत्तरामागे किती काम असते, हे पुढील चौदा महिन्यांत समजले.

मराठी वाचकाला अम्हारिक लिपी समजून घेणे सोपे जावे, कारण तिची तक्ता पाठ करण्याची रीत आपल्या बाराखडीसारखीच आहे. या लिपीला फिदेल म्हणतात. तिच्यात ३३ मूळ व्यंजने आहेत, प्रत्येकाची स्वरांनुसार सात रूपे होतात, म्हणजे मुख्य तक्ता २३१ अक्षरांचा, आणि त्याशिवाय ‘ल्वा’, ‘म्वा’ अशा उच्चारांची काही वेगळी अक्षरे. फरक असा की आपली मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असते, तर फिदेलमध्ये स्वर अक्षराच्या आकारातच मिसळलेला असतो. त्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, जिथे ही लिपी १९९९ साली तिसऱ्या आवृत्तीत आली, प्रत्येक अक्षराला एकच संकेतांक आहे. आपण देवनागरीत ‘सलाम’ लिहिले तर चार संकेतांक लागतात, अम्हारिकमध्ये तीनच. जोडाक्षरे नाहीत, ऱ्हस्व इकार उलट क्रमाने मांडण्याची कसरत नाही, रफार नाही. म्हणून अक्षरे दाखवण्याच्या बाबतीत लिनक्सला फारसे कष्ट पडत नाहीत. चांगला फॉन्ट असला की काम झाले. पडद्यासाठी मला नोटो सान्स इथिओपिक अधिक सुवाच्य वाटला आणि छपाईसाठी अबिसिनिका एसआयएल, ज्याचे वळण हस्तलिखितासारखे आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. फिदेलची अक्षरे दाट असतात, त्यामुळे बारा पॉइंटात छापलेले पत्र वयस्कर माणसांना वाचता येत नाही, चौदा घ्यावा लागतो, हे पहिली सूचना फलकावर लावल्यावर लक्षात आले.

टंकलेखनासाठी मी आयबस हा कळफलक बदलून देणारा प्रोग्रॅम आणि त्याबरोबर एम१७एन हा अनेक भाषांच्या कळफलकांचा संच वापरला, कारण मराठी लिहिण्यासाठी तोच माझ्या सवयीचा होता. जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत तयार झालेल्या या संचात मराठीच्या फोनेटिक (उच्चारानुसार रोमन कळांनी) आणि इनस्क्रिप्ट (प्रत्येक कळेला थेट देवनागरी अक्षर) पद्धतींच्या शेजारीच अम्हारिकची ‘सेरा’ पद्धत आहे. सेरा म्हणजे इथिओपिक अक्षरे साध्या रोमन कळांनी लिहिण्याचा संकेत. डॅनिएल याकोब आणि यित्ना फिर्दियिवेक यांनी तो १९९० च्या दशकाच्या आरंभी मांडला. एस-ई-एल-ए-एम या पाच कळा दाबल्या की ‘सलाम’ची तीन अक्षरे उमटतात. एल दाबताच सहावे, म्हणजे जवळजवळ हलन्त रूप दिसते आणि ए दाबताच तेच अक्षर डोळ्यांदेखत चौथ्या रूपात बदलते. त, च, प यांचे कंठातून झटका देऊन उच्चारायचे जे भाऊबंद अम्हारिकमध्ये आहेत, त्यांच्यासाठी, तसेच ‘ए’ स्वर आणि ‘ञ’ यांच्यासाठी, मोठी रोमन अक्षरे वापरतात. त्यामुळे ‘तेना यिस्तिल्लिञ’ या रोजच्या नमस्कारातच चार वेळा शिफ्ट दाबावी लागते, आणि चुकून कॅप्स लॉक चालू राहिला तर अख्खे वाक्य निरर्थक होते. ‘मल्आक’, म्हणजे देवदूत, अशा शब्दांत हलन्त अक्षरानंतर सुटा स्वर येतो. तिथे मध्ये अपॉस्ट्रॉफी द्यायची हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. पूर्णविरामाची चार टिंबे दोनदा कोलन (:) दाबून येतात. एवढे समजले की आठवड्याभरात हात बसतो. माझे विद्यार्थी तर दोन तासिकांत माझ्यापेक्षा वेगाने लिहू लागले.

बसवताना एकच अडचण पुनःपुन्हा आली. आयबस चालू असूनही काही प्रोग्रॅममध्ये, विशेषतः क्यूटी या साधनसंचावर आधारलेल्या प्रोग्रॅममध्ये, रोमन अक्षरेच उमटत. डेबियनमधील आयएम-कॉन्फिग चालवून आयबस निवडले आणि पुन्हा लॉगिन केले की ती दूर होते. ही पायरी कोणत्याही मार्गदर्शिकेत पहिल्या ओळीत लिहायला हवी, कारण नवा माणूस इथेच ‘लिनक्सवर अम्हारिक चालत नाही’ असा निष्कर्ष काढून उठतो. कीमॅन हा दुसरा कळफलकांचा प्रोग्रॅमही मी तीन महिने वापरला. त्यातील गीझ फ्रंटियर फाउंडेशनचा अम्हारिक कळफलक उत्तम आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर एकसारखा मिळतो, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र कमी मेमरीच्या यंत्रांसाठी मी एम१७एनच कायम ठेवले, आणि त्याचे खरे कारण आमच्या कार्यालयातील टंकलेखिका बाई.

या बाई वीस वर्षे एका जुन्या प्रोग्रॅमवर अम्हारिक लिहीत होत्या. त्यांच्या त्या प्रोग्रॅममध्ये नुसती व्यंजनाची कळ दाबली की पहिले रूप येई आणि सहाव्या रूपासाठी वेगळी कळ लागे. सेरामध्ये हे उलटे आहे. इनस्क्रिप्टवर वाढलेल्या माणसाला फोनेटिक कळफलक दिला की जसे होते, तसेच त्यांचे झाले. नुसती कळ दाबून ‘क’ मिळण्याऐवजी ‘क्’ मिळू लागला की बोटांना राग येतो. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि अतिशय सौम्यपणे मला सांगितले की हे यंत्र माझे ऐकत नाही. एम१७एनचा प्रत्येक कळफलक ही साधी मजकुराची फाइल असते. मी ती त्यांच्यासमोर उघडली, त्यांच्याकडून एकेक अक्षर विचारून घेतले, दोन संध्याकाळी बसून ओळी बदलल्या, नवे नाव देऊन ती फाइल त्यांच्या खात्यात एम१७एनच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि आयबस पुन्हा सुरू केले. इंटरनेट त्या दोन्ही संध्याकाळी नव्हते, आणि त्याची गरजही पडली नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य वगैरे विषयांवर मी आधी दोन व्याख्याने दिली होती, त्यांचा परिणाम शून्य झाला होता. या फाइलीनंतर शेजारच्या दोन विभागांतील टंकलेखक स्वतःहून विचारायला आले. आपल्याला हवे तसे बदलून मिळते, हे त्यांनी बाईंच्या टेबलावर पाहिले होते.

जुन्या दस्तऐवजांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही आणि याबाबत कोणालाही खोटे आश्वासन देऊ नये असे मला वाटते. युनिकोडपूर्व काळातील अम्हारिक फॉन्टनी रोमन अक्षरांच्या २५६ जागांवर फिदेलचे आकार बसवले होते. २३१ आणि त्याहून अधिक अक्षरे तेवढ्या जागांत मावत नसल्यामुळे काहींनी मुख्य आणि दुय्यम अशा दोन फॉन्ट फाइली केल्या, काहींनी अक्षराचे तुकडे जोडले. असा दस्तऐवज लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचात उघडला की रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. ज्यांनी महाराष्ट्रात जुन्या डीटीपी फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणला आहे, त्यांना हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्याकडील एका फॉन्टसाठी मी पायथन या संगणकभाषेत तक्ता लिहून रूपांतर केले. त्यातही हाताने तपासणी लागलीच. बाकीच्या फाइलींसाठी विंडोजचा एक संगणक कार्यालयात ठेवावा लागला, आणि तो काढून टाकण्याचा आग्रह मी धरला नाही.

याहून गुंतागुंतीची गोष्ट भाषेच्या आतलीच आहे. अम्हारिकमध्ये ‘ह’साठी तीन, ‘स’साठी दोन, ‘अ’साठी दोन आणि झटक्याच्या ‘त्स’साठी दोन अक्षरकुळे आहेत, ज्यांचे उच्चार आज एकच झाले आहेत. शिवाय ‘ह’चे पहिले आणि चौथे रूप दोन्ही ‘हा’ असेच वाचतात. परिणामी सूर्य या अर्थाचा ‘त्सेहाय’ हा साधा शब्द अनेक प्रकारे लिहिला जातो आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते संगणकाचे. हजेरीपटात ‘हैले’ नावाचे विद्यार्थी शोधायला गेले तर निम्मे सापडत, कारण उरलेल्यांची नावे दुसऱ्या ‘ह’ने लिहिलेली असत, आणि अकारविल्हे लावल्यावर तेच नाव तीन ठिकाणी विखुरलेले दिसे. लिब्रेऑफिसच्या शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोध) चालू करून चौकटी कंसात सहाही ‘हा’ एकत्र दिले की सगळे सापडतात. ही युक्ती मी छोट्या कागदावर छापून प्रत्येक टेबलाला चिकटवली आणि चौदा महिन्यांत माझे सर्वांत जास्त उपयोगी पडलेले लिखाण तेच ठरले.

आता इंटरनेटविषयी. तेथे रोज कानावर पडणारे एक वाक्य म्हणजे ‘नेटवर्क येल्लम’, नेटवर्क नाही. असते तेव्हाही डेटा महाग आणि मंद. लिब्रेऑफिसचे एक अद्ययावतीकरण उतरवताना दोनदा वीज जाते. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता देऊन सॉफ्टवेअरचा प्रचार करणे मी पहिल्या महिन्यातच सोडून दिले. अडिस अबाबाहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने हार्ड डिस्कवर डेबियनच्या डीव्हीडींच्या प्रतिमा आणल्या, त्या आमचे भांडार झाल्या. जे पॅकेज त्यात नसे, त्यासाठी एप्ट-ऑफलाइन वापरले. नेट नसलेल्या यंत्रावर हव्या त्या पॅकेजांची यादी एका छोट्या फाइलीत तयार करायची, ती फ्लॅशवर घेऊन नेट असलेल्या यंत्रावर उतरवून घ्यायचे आणि परत येऊन बसवायचे. आयबस, एम१७एन आणि दोन फॉन्ट हे सारे मिळून काही एमबींचेच काम आहे. ते एका फोल्डरमध्ये अवलंबून असलेल्या पॅकेजांसह ठेवून मी त्याचे स्थानिक भांडार केले. पेन ड्राइव्हला तेथे सगळे ‘फ्लॅश’ म्हणतात, आणि फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारे विषाणू त्या फ्लॅशमधूनच फिरतात. त्या त्रासातून सुटका हे लिनक्स बसवून घेण्याचे विद्यार्थ्यांनी सांगितलेले पहिले कारण होते. सोबत किविक्स या नेटशिवाय वाचण्याच्या प्रोग्रॅमवर अम्हारिक विकिपीडियाची ऑफलाइन प्रतही दिली. तिच्यात काही शोधायचे तर अम्हारिक टंकलेखन यावेच लागते, त्यामुळे सराव आपोआप झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये बाहिर दार ज्यात येते त्या अम्हारा प्रदेशात आणीबाणी जाहीर झाली आणि मोबाइल इंटरनेट बंद झाले; ते महिनोन्‌महिने परत आले नाही. त्या काळातील शहराविषयी इथे लिहिणे योग्य नाही, मी केवळ यंत्रांपुरते लिहिते. वेबवर लिप्यंतर करून अम्हारिक लिहिणाऱ्यांचे काम त्या दिवशी थांबले. ज्या संगणकांवर सर्व काही आतच बसवलेले होते, त्यांवरची पत्रे, गुणपत्रके, सूचना चालू राहिल्या. नव्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तोच फोल्डर एका फ्लॅशवरून दुसऱ्या फ्लॅशवर जात राहिला. पुढे मला न सांगताही तो पसरत होता, हे मला डिसेंबरमध्ये दुसऱ्या महाविद्यालयातील एका मुलाच्या संगणकावर बाईंच्या नावाचा कळफलक दिसला तेव्हा कळले.

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. अम्हारिक क्रियापदे उपसर्ग-प्रत्ययांनी इतकी बदलतात की शब्दांची यादी पुरत नाही. एस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा अम्हारिक कोश आहे, पण तो बरोबर शब्दांनाही लाल रेघ ओढतो, म्हणून मी शुद्धलेखन तपासणी बंदच ठेवली. लोकेल, म्हणजे संगणकाची भाषा आणि प्रदेशाची मांडणी, अम्हारिक केली तर महिन्यांची नावे फिदेलमध्ये दिसतात खरी, पण ती ‘जान्युवारी, फेब्रुवारी’ अशी. तेरा महिन्यांचे आणि सप्टेंबरात मेस्केरेमने सुरू होणारे तेथील पंचांग त्यात नाही, त्यामुळे पत्रावरची तारीख हातानेच लिहावी लागते. लिब्रेऑफिसचे मेनू अम्हारिकमध्ये करून पाहिले. संगणकाचे शिक्षण इंग्रजीत झालेल्या विद्यार्थ्यांनी ते दुसऱ्याच दिवशी परत बदलले, आणि मला त्यांचे म्हणणे पटले. विंडोजवर अबिसिनिका फॉन्ट नसेल तर पानांची मांडणी सरकते, म्हणून बाहेर पाठवायचे पत्र पीडीएफ करूनच पाठवावे.

लिनक्सवरील अनेक प्रोग्रॅम ज्यावर बांधलेले असतात त्या जीटीके या साधनसंचाच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यातच एक अंगभूत अम्हारिक कळफलक होता, तो चौथ्या आवृत्तीत राहिला नाही; जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबणाऱ्यांनी तो शोधण्यात वेळ घालवू नये. कोणी तेथे किंवा अन्यत्र इथिओपियन विद्यार्थ्यांना लिनक्स बसवून देणार असेल, तर आयबस, एम१७एन, दोन फॉन्ट, आयएम-कॉन्फिगची एक ओळ आणि ‘हा’च्या सहा अक्षरांचा तो कागद एवढे आधी फ्लॅशवर भरून न्यावे. बाईंची कळफलकाची फाइल मीही माझ्याबरोबर आणली आहे आणि पुण्यात शिकणाऱ्या दोन इथिओपियन विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ती सध्या चालू आहे.